पुढच्याची हाक

मांडवात खोकं उघडलं आणि त्यातून मंगळसूत्राऐवजी बेअरिंग निघालं. चांगलं नवंकोरं, ग्रीस माखलेलं, मे महिन्याच्या उन्हात लखलखणारं.

हे खोकं बिरवाडीहून छातीशी धरून, मोठ्या जबाबदारीने जांभूळमाळावर आणणारा माणूस म्हणजे किरण, नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ. बिरवाडीच्या नाक्यावर त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं आणि गॅरेजामागे भाड्याची खोली. खोल्यांतून चोऱ्या फार व्हायच्या. म्हणून महाडच्या सोनाराकडून मंगळसूत्र आणल्यावर त्याने ते गॅरेजात, बेअरिंगच्या एका रिकाम्या खोक्यात लपवलं. त्याचं म्हणणं, चोर कपाट फोडेल, पण बेअरिंगची खोकी कोण उघडून बघतो? चोराने बघितलं नाही हे खरंच. पण लग्नाला निघताना घाईत त्याने स्वतःही बघितलं नाही आणि शेजारचं खोकं उचलून आणलं.

आधी सगळा मांडव हसला. नवरा मुलगा चंदन मुंबईला कुरियरच्या कंपनीत होता, त्याला विनोदाची सवय. तो म्हणाला, "किरण्या, हे तुझ्या वहिनीच्या गळ्यात घालू का तिला चाकात बसवू?" मग पुन्हा हसणं झालं. हसणं विरलं तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की उन्हं कलली आहेत आणि मुहूर्त गोरज आहे.

जांभूळमाळ म्हणजे आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर वसलेली चार घरांची वाडी. म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी, आणि घरटी एकेक माणूस मुंबईला. इथली लग्नं पिढ्यान्‌पिढ्या गोरज मुहूर्तावरच लागत आलेली. गुरं माळावरून घरी फिरतात, त्यांच्या खुरांची धूळ मांडवावर येते आणि त्याच वेळी नवरीच्या गळ्यात मणी पडतात. ठमाबाईने मंगळसूत्र दुपारीच देवापुढे ठेवायला मागितलं म्हणून घोटाळा वेळेत कळला. ठमाबाई म्हणजे किरणच्या थोरल्या चुलत्याची बायको, घरातली सगळ्यांत वडील बाई. दोघं भाऊ तिला मोठी आई म्हणत.

"हळकुंड बांधू दोऱ्यात," ती म्हणाली. "आमच्या वेळी कितीजणींचं तसंच झालं. सोनं मागनं घालता येतंय."

नवरीचा मामा चंदू दासगावहून वऱ्हाड घेऊन आलेला. सावित्रीकाठचा, सपाटीवरचा माणूस. डोंगर चढताना त्याचा जो घाम निघाला होता तो अजून वाळला नव्हता. "हळकुंडावर द्यायला आमची पोरगी वाटेवर पडली नाय," तो म्हणाला. "मुहूर्ताला सोनं नसलं तर आम्ही तिला घेऊन खाली जातो. काळोख पडायच्या आत. ह्या डोंगरात रात्रीचं राहायला माझी माणसं तयार नायत."

तो भांडखोर म्हणून कुणी त्याला समजावलंही असतं, पण तेवढ्यात घरातून नवरी दाराशी आली. नूतन तिचं नाव. हळदीने पिवळी झालेली, डोळे मात्र कोरडे. ती किरणशीच बोलली, आणि अगदी हळू.

"भावोजी, त्यातली एक वाटी माझ्या आईची हाय. आई गेली तेव्हा तिच्या गळ्यातनं काढून ठेवलेली. ती नसली तर मी पाटावर उभी नाय राहणार. मामा म्हणतो म्हणून नाय… मलाच नाय जमायचं."

किरणचं हसू तिथेच मावळलं. आपण केवढी मोठी चूक केली हे त्याला तेव्हा कळलं. तो मांडवाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलीकडे धावला.

आता त्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. गाडी किरणची नव्हती. पुण्याचा एक हौशी माणूस, चिखलामातीच्या शर्यतींत भाग घेणारा, ती त्याच्याकडे क्लच दुरुस्त करायला टाकून गेला होता. जाताना सांगून गेला, "महिनाभर डोंगरात मनसोक्त चालव आणि कुठे खोडी काढते ते मला सांग." असं गिऱ्हाईक ज्याच्या नशिबी येतं त्याने मागच्या जन्मी नक्की काहीतरी बरं केलेलं असतं. दोन हजार सातचं साल, अशी गाडी अख्ख्या महाड तालुक्यात दुसरी नव्हती. परदेशी, उंच, हडकुळी, दातेरी टायरांची. आणि डाव्या मुठीशी, अंगठा सहज पोचेल अशा जागी, एक छोटं बटण.

बटणावर दोन चित्रं होती, एक ढग आणि एक सूर्य. ढगावर ठेवलं की इंजिन आपली ताकद हात आखडून, जपून चाकाला द्यायचं, त्यामुळे चिखलात चाक जागच्या जागी गरगरत नसे. सूर्यावर ठेवलं की तीच ताकद एकदम सुटायची, मूठ जराशी पिळली की पुढचं चाक हवेत. किरणने ढगाचं नाव सासुरवाशीण ठेवलं होतं आणि सूर्याचं माहेरवाशीण. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे समजावून सांगे, आणि ऐकणारा हसला नाही तर पुन्हा सांगे.

"येताना पाल्याच्या देवाला फांदी टाक," ठमाबाई मागून म्हणाली.

"टाकतो गो मोठी आई," म्हणत त्याने गाडी उतारावर सोडली.

खाली जाणं मजेचं झालं. वाडीचा रस्ता निवडणुकीच्या भाषणांत दोनदा झाला होता, डोंगरात मात्र लाल मातीची एक पायवाटच होती, ट्रॅक्टर एकदा कसाबसा चढून गेल्यामुळे जरा रुंदावलेली. सुट्या मातीत ढग, कोरड्या कातळावर सूर्य, असं अंगठ्याने टकटक करत किरण घाटरस्त्याला लागला. पोलादपूर गेलं, महामार्ग आला, बिरवाडी आली. गॅरेज उघडून त्याने या वेळी खोकं उघडून बघितलं, तेही दोनदा. काळे मणी, दोन वाट्या. एक नवी चकचकीत, दुसरी झिजून गुळगुळीत झालेली. त्याने खोकं तिथेच टाकलं आणि मंगळसूत्र रुमालात बांधून शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं.

परतताना नशिबाने तोंड फिरवलं. महामार्गावर एक ट्रक आडवा झालेला, दोन्हीकडे रांगा. गाड्यांच्या फटीफटीतून वाट काढत किरण पोलादपूरला पोचला तेव्हा घाटावर वळवाची एक सर येऊन गेलेली आणि तिच्यामागून ढग उतरायला लागलेला. अर्ध्या घाटात धुक्याने त्याला गिळलं. दिवस मावळला नव्हता, पण उजेड कुठून येतो आहे ते कळत नव्हतं. सगळीकडे सारखाच, ताकासारखा पांढरा.

वाडीची वाट जिथे डांबरी रस्ता सोडते त्या वळणावर पाल्याचा देव आहे. देव कसला, दगडांचा एक ढीग आणि त्यावर हिरव्या-वाळक्या फांद्यांचा. वर जाणाऱ्याने एक ताजी फांदी टाकायची, म्हणजे अंगावरचं ओझं हलकं होतं.

पूर्वी रस्त्याचं नावही नव्हतं तेव्हा आजारी माणूस डोलीतून खाली जाई आणि नवरी डोलीतून वर येई. लांब बांबूला बांधलेली झोळी आणि एकामागे एक चार भोई, दोघे पुढे, दोघे मागे. मागच्यांना झोळीमुळे पायाखालचं दिसत नसे, म्हणून सगळ्यांत पुढचा असे तो हाका देत चाले. निसरडं आलं की "हलू", छातीवरचा चढ आला की "जोर". मागच्यांनी विचार करायचा नाही, हाक येईल तसा पाय टाकायचा. या वळणावर फांदी टाकून पुढचा म्हणे, "उचला." आणि घर आलं की त्या घरातली सगळ्यांत वडील बाई उंबऱ्यातून म्हणे, "टेका." तिने म्हटल्याशिवाय डोली भुईला टेकवायची नाही, खांदे तुटले तरी नाही, असा रिवाज होता.

वाडीचा शेवटचा पुढचा म्हणजे मोरू, ठमाबाईचा नवरा. किरण तेव्हा पाळण्यात होता. एका श्रावणात माणूस दवाखान्यात पोचवून चौघे रिकामी डोली घेऊन परत येत होते. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. मोरू पुढून हाका देत होता आणि मागचे तिघे त्या हाकांवर पाय टाकत वर आले. अंगणात पोचल्यावर बघतात तर बांबूच्या पुढच्या टोकाशी कुणीच नाही. तो वाटेत कुठे गेला ते कुणाला कळलं नाही, दरी शोधली तरी सापडला नाही. हाक मात्र अंगणापर्यंत आली होती, हे त्या तिघांनी मरेपर्यंत सांगितलं. तिघेही पुढे म्हातारे होऊन आपापल्या अंथरुणात गेले. नवऱ्याचं नाव ठमाबाई आधीही घेत नव्हती. त्या दिवसापासून ती त्याला नुसतं "पुढचा" म्हणायला लागली.

ही गोष्ट किरणने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की तिची भीती कधीच झिजून गेली होती. त्याने करवंदीच्या जाळीतून एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि गाडी मातीत घातली. चार हात गेला नाही तोच चाक गरगरायला लागलं. दुपारची सुटी लाल माती सरीने लोण्यासारखी झालेली. ढगाचं बटण लावलं, तरी गाडी आडवी होई. उतरून ढकलली, घसरली, पुन्हा चढली. धुक्याच्या पलीकडून, फार वरून, म्हशींच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. गुरं घरी निघाली होती.

 नूतनचे कोरडे डोळे त्याला दिसले. गाडी ढिगाशीच अडलेली, मदतीला माणूस नाही. मग हसू आणि रडू दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस जसा बोलतो, तसा तो त्या दगडांकडे बघून म्हणाला,

"उचला रे बाबांनो. आज गाडीच उचला."

काही झालं नाही. एक पाखरू उडालं तेवढंच. किरण गाडीवर बसला, गिअर टाकला, मूठ पिळली. आणि गाडी निघाली.

चांगली निघाली. मातीचा ओढा लागेना, मागचं चाक घसरेना. किरणला आधी वाटलं, वर जमीन घट्ट असेल. त्याने सूर्याचं बटण लावायला अंगठा नेला, तेवढ्यात पुढून, अगदी शांतपणे, कुणीतरी म्हणालं,

"हलू…"

अंगठा तिथेच थांबला. पुढच्याच क्षणी वाटेत कातळाची एक ओली, शेवाळलेली पाटी आली आणि मागे गेली. सूर्यावर असता तर तो तिथून थेट दरीत गेला असता.

"कोण हाय?" किरणने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

उत्तर आलं ते वास होऊन. ओल्या घोंगडीचा, आणि चुन्यात मळलेल्या तंबाखूचा.

"जोर…"

या वेळी अंगठ्याने विचारलंही नाही. टक. सूर्य. इंजिन डरकाळलं आणि समोरचा उभा चढ, जिथे जाणती माणसं चार ठिकाणी थांबतात, तो गाडीने एका दमात घेतला. "हलू…" टक, ढग. "जोर…" टक, सूर्य. किरणला गाड्या कळत होत्या, पण ही वाट अशी कधी कळली नव्हती. हाक येई, अंगठा हले, आणि जो दगड, जो खड्डा, जे वळण पुढे असे त्याला नेमकी लागते तेवढीच ताकद चाकाला मिळे. सांगायला नको, पण सांगतो, त्याला भीती वाटत होती आणि त्याच वेळी आयुष्यात कधी झाला नाही एवढा आनंदही होत होता. धुक्यात तोंड उघडून तो हसत होता. छातीशी वाटी ऊबदार झालेली.

तोच इंजिनाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि बंद पडलं.

पेट्रोल. दुसऱ्याची गाडी हातात आली की आधी टाकी हलवून बघणारा हा मेकॅनिक, दुपारपासून खाली-वर करताना स्वतः पेट्रोल बघायला विसरला होता. किरणने जीभ चावली आणि पाय टेकायला खाली सोडला. पाय भुईला लागला नाही.

गाडी थांबलीच नव्हती.

आता इंजिनाचा आवाज नव्हता, म्हणून बाकीचे आवाज ऐकू आले. बांबू करकरत होता. अनवाणी पायांचे तळवे ओल्या मातीवर पडत होते, सगळे एका तालात. मागून धापा ऐकू येत होत्या, दमदार, सवयीच्या. टायरांचा मात्र खडखडाट नव्हता. एकही खडा चाकाखाली वाजत नव्हता.

"हलू…"

किरणने बटण ढगावर केलं. इंजिन मेलेलं, तरी गाडी हळू झाली.

"जोर…"

सूर्यावर केलं. गाडीने चढाला छाती लावली.

त्याने मागे पाहिलं नाही. पुढे मात्र पाहावंच लागत होतं. पुढच्या चाकाच्या पलीकडे, धुकं जरा विरळ होई तिथे, त्याला दोन टाचा दिसल्या. काळ्या, भेगाळलेल्या, पाण्याने भिजलेल्या. वर होत होत्या, खाली होत होत्या. गुडघ्यापासून वर धुकंच होतं.

"थोरले बाबा…?" किरण कुजबुजला.

टाचा एक पाऊल अडखळल्या. मग पुन्हा ताल धरला.

"जोर…" आवाज आला, आणि त्यात कुठेतरी हसू होतं.

किरणचे डोळे भरून आले. ज्या माणसाने त्याला कधी कडेवर घेतलं नव्हतं, तो आज त्याला उचलून नेत होता. मग वाडीचा पहिला आंबा दिसला, धुकं मागे पडलं. सर माथ्यापर्यंत पोचलीच नव्हती, आणि म्हशींच्या खुरांच्या धुळीतून, इंजिनाचा चकार आवाज न करता, गाडी मांडवापाशी येऊन उभी राहिली. समोर बघतो तर टाचा नव्हत्या.

त्याच्या येण्याची चाहूल कुणालाच लागली नाही. चंदूमामा माणसं गोळा करत होता, बायका नूतनचं सामान बांधत होत्या. किरणने सवयीने बटण ढगावर केलं, गाडी स्टँडला लावली, उडी मारली आणि रुमाल हवेत नाचवत मांडवात शिरला. मग काय विचारता. भटजी खेकसले, अंतरपाट धरला गेला, बँजोवाला झोपेतून उठला. चंदूमामाच्याच डोळ्यांना सगळ्यांत आधी पाणी आलं, आणि ते लपवायला तो सगळ्यांत मोठ्याने मंगलाष्टकं म्हणायला लागला. आईची झिजलेली वाटी गळ्यात पडली तेव्हा नूतनने ती मुठीत धरली आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली. ठमाबाई अक्षता उधळत होती. या सगळ्या गडबडीत उंबऱ्यात उभं राहून काही म्हणायचं असतं हे कुणाच्या ध्यानात राहणार? किरणच्याही राहिलं नाही.

तो नाचला. दासगावच्या माणसांनी डोंगराची भीती सोडून रात्र काढली, चंदूमामासकट. सगळे दमून पडले तरी किरण नाचतच होता. पाय म्हणून दुखले नाहीत.

सकाळी ठमाबाई अंगण झाडून सारवत होती. घराकडची अर्धी बाजू तिने आधीच शेणाने सारवून टाकली होती, ती अजून ओली होती. उरलेल्या बाजूला गाडी उभी. गाडीभोवतालच्या अक्षता, पानं, फुलं तिने केरसुणीने ओढली. केरसुणी पुढच्या चाकाशी गेली आणि अडली नाही. चाकाखालून सरळ पलीकडे निघाली. ठमाबाई वाकली. मग तिने मागच्या चाकाखालून केरसुणी फिरवली. स्टँडच्या खालूनही.

"किरण," तिने हाक मारली. "इकडं ये रे जरा."

तो डोळे चोळत, सारवलेलं अंगण तुडवत तिच्यापाशी आला. ती त्यावरून रागावली नाही तेव्हाच काहीतरी वेगळं आहे हे त्याने ओळखायला हवं होतं. तिने नुसतं बोट दाखवलं. गाडी भुईपासून चार बोटं वर होती. किरणने सीटला हलकेच हात लावला तर ती डोलीसारखी झुलली.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. डहाळी, उचला, हलू, जोर, आणि त्या टाचा. टाचांपाशी आला तेव्हा ठमाबाई मटकन खाली बसली.

"रात्रभर उभे हायत," ती म्हणाली. "खांद्यावर घेऊन. मी बोललेच नाय…"

ती उठली. पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत नवऱ्याला उद्देशून ती पहिल्यांदाच काही बोलणार होती. सारवण टाळून, कडेने उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"टेका रे. पोचला पोर. टेका आता."

गाडी खाली आली. अगदी सावकाश, आधी मागचं चाक, मग पुढचं. शॉकअपनी एक निःश्वास सोडला. आणि कुणाचा हात नसताना मुठीजवळचं बटण टक करून सूर्यावर गेलं. अंगणाच्या कडेवरून, उतारावर, अनवाणी पाय धावत गेले. हलके, मोकळे झालेले. ठमाबाई कान देऊन ऐकत होती.

"तिघं गेले," ती म्हणाली.

किरण हसला. तीही रडत रडत हसली. भीतीचं काही राहिलंच नव्हतं त्या सकाळी. ऊन वर येत होतं, चुलीवर चहा उकळत होता, कोकणात कुठेही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी येतो तसा शिळ्या फुलांचा वास येत होता.

तेवढ्यात नवी नवरी पाण्याची कळशी घेऊन दारातून बाहेर आली. ओल्या सारवणावरून दोन-चार पावलं टाकली आणि ओशाळून थांबली. मागे तिची पावलं उमटली होती, छोटी, बोटांसकट स्वच्छ.

"मोठी आई, मला ओलं हाय ते कळलंच नाय," नूतन म्हणाली. मग तिने किरणकडे पाहिलं, सारवणाकडे पाहिलं. "पण भावोजी आत्ता ह्याच वाटेनं गेले ना? मी खिडकीतनं बघितलं. त्यांचं एकपण पाऊल उठलेलं नाय ते कसं?"

 किरणने खाली पाहिलं. घरापासून त्याच्या पायांपर्यंत सारवण कोरं होतं, आणि पाय भुईपासून चार बोटं वर होते.

ठमाबाई कडेकडेने त्याच्यापाशी आली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. उंबऱ्याकडे तोंड केलं. या वेळी तिचा आवाज लहान झाला होता.

"टेका," ती म्हणाली. "ह्यालापण टेका…"

उतारावरून उत्तर आलं नाही. आलं ते अगदी जवळून. किरणच्या पुढ्यात, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावरून, घोंगडी आणि तंबाखूचा वास घेऊन.

"अजून नाय गो… पोराच्या पुढं चढ हाय."